लिव्हीचं संक्षिप्त ऑडिओबुक: सेलमध्ये घेण्याआधी हे वाचा

पावसाळी सेलमध्ये घेतलेलं हे इंग्रजी ऑडिओबुक थंडी संपत आली तरी चालूच आहे, तेव्हा पैसे वसूल झाले म्हणायला हरकत नव्हती. लिव्ही या प्राचीन रोमन इतिहासकाराने लिहिलेल्या रोमच्या इतिहासाची पहिली पाच पुस्तकं, रोमचा संस्थापक रोम्युलस ज्यावर वाढला त्या लांडगीच्या दुधापासून इ.स.पू. 390 च्या गॉल टोळ्यांच्या स्वारीपर्यंत. रोम्युलस, त्याच्यानंतरचा राजा न्यूमा, राजपुत्राच्या अत्याचाराला बळी पडलेली ल्युक्रेशिया ही सगळी मंडळी यात आहेत. वाचणाऱ्याचा आवाज खणखणीत, माझ्या स्वस्तातल्या हेडफोनवरही शब्द न् शब्द कळतो. सुरुवातीला चार स्टार देऊन मोकळाही झालो होतो.

मग होरेशियस कॉक्लीझ आला आणि माझं डोकं फिरलं. शेजारच्या एट्रस्कन लोकांचा राजा पोर्सेना रोमवर चालून आलेला, टायबर नदीवरचा लाकडी पूल मागून तोडला जातोय आणि हा पठ्ठ्या एकटा पुढे उभा. पूल पडताच शस्त्रांसकट नदीत उडी, आणि बाणांच्या माऱ्यातून सुखरूप पलीकडे. निवेदक हे असं सांगतो की जणू तो काठावर हजर होता. मूळ लिव्ही तिथेच हळूच टोला मारतो: या धाडसावर पुढच्या पिढ्यांचा विश्वास कमी बसणार होता, कीर्तीच जास्त होणार होती. ते वाक्य इथे गायब! स्वामित्वहक्क संपलेली जुनी भाषांतरं नेटवर फुकट मिळतात, त्यांत ते आहे. फुकटात आहे आणि पैसे मोजून नाही, हा कुठला न्याय?

लिव्हीही काही धुतल्या तांदळाचा नाही म्हणा. त्याच्या शंभरएक वर्षं आधीचा ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की होरेशियस बुडून मेला. पोर्सेना रोमकरांच्या शौर्याने भारावून परत गेला असं लिव्ही म्हणतो, तर नंतरचा रोमन इतिहासकार टॅसिटस सरळ लिहितो की शहर त्याला शरण गेलं होतं. म्हणजे मूळ लेखकाने आधीच साखर पेरलेली, त्यात यांनी त्याच्या उरल्यासुरल्या शंकाही काढून टाकल्या.

एकदा संशय आला की माणूस ताडूनच बघत बसतो. रोम्युलस वादळात ढगाआड गडप झाला आणि देव झाला, हे आहे. सिनेटरांनीच त्याचे तुकडे केले ही कुजबुज नाही. लांडगी म्हणजे मेंढपाळाची बदफैली बायको लॅरेन्शिया असावी, हेही कापलंय. (लहान मुलं ऐकतील म्हणून? मग ल्युक्रेशियावरचा बलात्कार कसा राहिला?) रोमवरच उलटलेल्या कोरिओलेनस या रोमन सेनापतीला तर सरळ मारूनच टाकलाय. फेबियस पिक्टर या सगळ्यात जुन्या इतिहासकाराच्या मते तो म्हातारा होईपर्यंत जगला, असं लिव्ही आवर्जून नोंदवतो.

तक्रार केली. उत्तर आलं, 'संक्षिप्त आवृत्ती असं कव्हरवर लिहिलंय.' लिहिलंय खरं, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. रिफंड नाही, कारण अर्ध्याहून जास्त ऐकून झालंय. अहो, ऐकल्याशिवाय काय कापलंय ते कळणार कसं? तक्रार 'निकाली' दाखवून बंद.

चिडून एकच स्टार करणार होतो, तेवढ्यात सिनसिनेटस लागला, रोमच्या संकटात शेतावरून बोलावून हुकूमशहा केलेला. इ.स.पू. 458. चार युगेरा, म्हणजे साधारण अडीच एकराचं शेत. सिनेटचे लोक पोचतात तेव्हा तो फावड्यावर रेलून चर खणत होता किंवा नांगरत होता. तो 'किंवा' चक्क ठेवलाय! बायको रासिलियाला तो झोपडीतून टोगा (रोमन नागरिकाचं अंगाभोवती गुंडाळायचं वस्त्र) आणायला पाठवतो, अंगावरची धूळ आणि घाम पुसतो, टोगा चढवतो आणि मगच निरोप ऐकतो. सोळाव्या दिवशी हुकूमशहापद सोडून मोकळा. या भागाला कुणी कात्री लावलेली नाही, आणि निवेदकही इथे उगाच आवाज चढवत नाही. मी तो परत परत ऐकलाय.

पूर्ण आवृत्ती सेलमध्ये येत नाही, आणि पुऱ्या किमतीला मी घेणार नाही. ज्यांना गोष्टीच हव्यात त्यांनी हे खुशाल घ्यावं. अडीच स्टार देता येत नाहीत म्हणून तीन.