शर्यतीची वेबसाइट नव्याने करताना: वर्डप्रेस, विक्स की स्टॅटिक?

एका वर्षी आमच्या शर्यतीच्या पहाटे मार्गावर पाणी तुंबलं आणि वळण बदलावं लागलं. वेबसाइटवर मात्र जुनाच नकाशा. पासवर्ड ज्या स्वयंसेवकाकडे होता, तो पेसर (ठरलेल्या वेगाने धावून इतरांना त्यांची वेळ गाठून देणारा) म्हणून फोन बॅगेज काउंटरवर जमा करून स्टार्ट लाइनवर उभा. तेव्हापासून कुणी ‘साइट कशावर करू?’ विचारलं की मी उलट विचारतो, शर्यतीच्या दिवशी पहाटे साडेचारला ती फोनवरून कोण बदलणार?

बहुतेक मंडळांची जुनी साइट वर्डप्रेस या साइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरवरच असते, त्यामुळे पहिला पर्याय म्हणजे तिथेच राहून थीम, म्हणजे साइटचं रूप, बदलणं. यात सगळ्यात मोठा फायदा जुन्या निकालांचा. पाच वर्षांपूर्वीची आपली वेळ लोक खरोखर शोधत येतात, काहींनी ती लिंक जपून ठेवलेली असते. थीम बदलली तरी पानांचे पत्ते तेच राहतात. शिवाय लॉगिन प्रत्येकाला वेगळं देता येतं. नकाशा बदलणाऱ्याच्या हाती सगळ्या साइटच्या किल्ल्या द्याव्या लागत नाहीत. दुखणं आहे ते प्लगइनांचं, म्हणजे साइटला वरून जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमांचं. काउंटडाउनला एक, गॅलरीला एक, फॉर्मला दोन, आणि त्यातलं निम्मं कुणीतरी कधीतरी टाकून विसरलेलं. अपडेट न झालेल्या प्लगइनमधूनच साइट हॅक होण्याची भीती जास्त. दुसरं म्हणजे निकालाची गर्दी. शर्यत संपली की हजारभर जण एकाच वेळी आपला बिब नंबर (छातीवरचा क्रमांक) टाकतात. कॅशिंग, म्हणजे तयार पानाची प्रत साठवून तीच सगळ्यांना दाखवण्याची सोय, नसेल तर प्रत्येकासाठी डेटाबेस धुंडाळला जातो आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग (अनेक साइट एकाच सर्व्हरवर) नेमकं तेव्हाच मान टाकतं.

विक्स किंवा स्क्वेअरस्पेससारख्या तयार साइट देणाऱ्या सेवा याच्या अगदी उलट. सर्व्हर, अपडेट, सुरक्षा हे सगळं त्यांचं त्या बघतात, आणि फोनवरून मजकूर बदलणं नवख्यालाही जमतं. माझ्या पहाटेच्या प्रश्नाला सगळ्यात चांगलं उत्तर इथेच मिळतं. पण आत जाण्याइतकं बाहेर पडणं सोपं नाही. विक्सची साइट जशीच्या तशी उचलून दुसऱ्या होस्टिंगवर नेता येत नाही. स्क्वेअरस्पेस वर्डप्रेससाठी काही मजकूर काढून देतं, सगळा नाही. वर्गणी दरवर्षीची. आणि खजिनदार बदलला, कार्ड बंद झालं, की साइटही बंद.

स्टॅटिक साइट, म्हणजे ह्यूगोसारख्या साधनाने आधीच बनवून ठेवलेली साधी पानं, ही माझी मनापासूनची आवड. म्हणूनच तिची शिफारस जरा हात राखून करतो. मागे डेटाबेस नाही, त्यामुळे गर्दीचं ओझं फारसं जाणवत नाही. वर्षावर्षाचे निकाल सीएसव्ही (साध्या तक्त्याच्या) फाइलींत ठेवले की नंबर शोधण्याचं काम धावपटूच्या ब्राउझरमध्येच होतं. गिटहब पेजेस या होस्टिंगवर ती फुकट चालते, फक्त साइट 1 जीबीच्या आत ठेवायची. फोटो तिथे ओतायचे नाहीत. पण साधा वेळ बदलायचा तरी मार्कडाउन (मजकूर लिहिण्याच्या साध्या खुणा) आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) समजणारा माणूस लागतो. मंडळात असे दोघे नसतील तर नाद सोडा. एक असून भागत नाही, तो पेसर निघतो.

नोंदणी आणि पैसे कुठलाही पर्याय घेतलात तरी नोंदणीच्या तयार सेवेकडेच द्या. परताव्याच्या भानगडी स्वतःच्या साइटवर कशाला हव्यात!

समितीच्या बैठकीत चर्चा रंगांवर आणि होमपेजवरच्या व्हिडिओवर होते, हे माझं जुनं गाऱ्हाणं. धावणारा काय बघतो? पार्किंगच्या अंधारात, एका हातात बिबच्या पिना, दुसऱ्या अंगठ्याने पीडीएफ नकाशा मोठा करतोय आणि तो उघडता उघडत नाहीये. सुरुवातीची वेळ, पार्किंग, बॅगेज काउंटर आणि पाण्याचे थांबे साध्या मजकुरात, पहिल्या पानावर वरच्या बाजूला हवेत. मार्गाची जीपीएक्स फाइल (मार्गाचे जीपीएस बिंदू असलेली) द्या, ती थेट जीपीएस घड्याळात टाकता येते.

माझा कौल असा: जुने निकाल बरेच असतील तर वर्डप्रेसवरच राहा, निम्मी प्लगइनं काढा, कॅशिंग बसवा. शर्यत पहिलीच असेल आणि तांत्रिक माणूस नसेल तर विक्स किंवा स्क्वेअरस्पेस घ्या, पण डोमेन (साइटचं नाव) वेगळीकडे, संस्थेच्या नावावर नोंदवा आणि निकालांची प्रत स्वतःकडे ठेवा. गिटवाले दोघे पक्के असतील तर स्टॅटिक.

जागा बदलताना पत्ते बदलणार असतील तर जुन्या प्रत्येक पत्त्यावरून नव्याकडे 301 रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावर आलेल्याला कायमचं नव्याकडे आपोआप पाठवणं) लावा. आणि हे काम शर्यत झाल्यावर, निकालांच्या तक्रारी मिटल्या की हाती घ्या. नोंदणी सुरू असताना साइटला हात लावू नका. आम्ही लावला होता, आणि दोन दिवस फोनवरून नावं उतरवून घेत बसलो.