एनसीसी (सिनियर विंग, म्हणजे कॉलेजच्या मुलींची), नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एक कॉलेज : पालकाकडून 4 स्टार

कॉलेजचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण खाली एक तक्रार आहे आणि पोरीची सी सर्टिफिकेटची परीक्षा अजून व्हायचीय. पण अ‍ॅडमिशनच्या दिवसात बरेच जण विचारतात की एनसीसी घ्यावी का, तिथं नुसतं लेफ्ट राइट आणि ओरडाआरडाच असते का, म्हणून लिहितोय.

मी सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुपरवायझर आहे, म्हणजे लोकांना वेळेवर आणणे आणि त्यांच्या सबबी ऐकणे हाच माझा धंदा. त्यामुळे शिस्तीच्या गप्पांना मी पटकन भुलत नाही. एनसीसीने पोरगी बदलली वगैरेही लिहिणार नाही, सोमवारी लेक्चरला जायचं असलं की ती अजूनही साडेआठपर्यंत लोळते. पण परेडच्या दिवशी डिसेंबरच्या थंडीत, गोदावरीच्या पुलावर गाडी चालवताना माझी बोटं गारठतात तेव्हा, ही मागे बसून बेल्टचं बक्कल पुसत असते.

टर्नआउट, म्हणजे गणवेशाचा नीटनेटकेपणा, फार कडक बघतात. बूट चकाचक, पितळेला ब्रासो, बेरेट टोपीवरचा लाल हॅकल (तुरा) सरळ, केस जाळीत घट्ट बांधलेले, नेलपॉलिश नाही, कानातलं नाही. हिच्या आजीला कानातलं काढायला लावतात हे अजून पटलेलं नाही. माझ्या मते मात्र खरी गोष्ट ही की अंडर ऑफिसरचे, म्हणजे वरच्या रँकच्या सिनियर कॅडेटचे, बूट पण तसेच तपासतात. एकदा मी गेटपाशी थांबलो होतो तेव्हा पीआय स्टाफच्या (ट्रेनिंग द्यायला आलेले लष्कराचे लोक) हवालदार साहेबांनी फर्स्ट इयरच्या पोरींना सोडून आधी रँकवाल्यांनाच बाजूला घेतलं, बेल्ट ढिला म्हणून. आमच्या कंपनीत मॅनेजर सेफ्टी शूज न घालता शॉपफ्लोअरवर फिरतो आणि हेल्परला मेमो मिळतो, त्यामुळे मला ते बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

फायरिंगचं पण सांगतो. पॉइंट टू टू रायफल असते. मला वाटलं होतं पोरी नेम कसा लागला ते सांगत घरी येतील, पण हिने आल्यावर अर्धा तास सांगितलं ते खोक्यांचं, म्हणजे उडालेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यांचं. गोळ्या जेवढ्या दिल्या तेवढी रिकामी खोकी मोजून परत द्यायची, त्या दिवशी एक कमी भरलं तर सगळ्या पोरी रांगेत गवतात हात फिरवत शोधत बसल्या, सापडेपर्यंत कोणी घरी नाही, आणि कोणावर ओरडणं पण नाही. रायफलचं तोंड कायम समोरच, हुकूम मिळाल्याशिवाय ट्रिगरला बोट नाही, शेवटी जाँच शस्त्र करून चेंबर रिकामं दाखवायचं. हे नियम कशासाठी आहेत ते पोरांना सांगावं लागत नाही, हातात रायफल आली की आपोआप कळतं.

आता तक्रार. एनसीसीची शिस्तीची चार तत्त्वं आहेत, कॅडेटला पाठच असतात: हसत हुकूम पाळा, वेळेवर या, गाजावाजा न करता मेहनत करा, सबबी सांगू नका आणि खोटं बोलू नका. छानच आहेत. पण पीआय स्टाफ गेला की काही सिनियर पोरी त्याचाच दांडका करतात. स्क्वॉडमध्ये कोणीतरी हसलं म्हणून सगळ्यांना रगडा, फ्रॉग जंप. एका पोरीला ताप होता, तिने तसं सांगितलं तर तिला ऐकवलं, बहाने मत बनाओ. अहो ताप म्हणजे बहाणा आहे का? ती पोरगी नंतर यायचीच बंद झाली. मी एएनओ मॅडमना (एनसीसी बघणाऱ्या कॉलेजच्या प्राध्यापिका) भेटलो, त्यांनी नीट ऐकून घेतलं, सिनियरना झापलं, काही आठवडे बंद होतं, आता हळूहळू परत सुरू झालंय असं ऐकतो. शिक्षा द्यायची तर ती मॅडमसमोर द्या आणि कशाबद्दल ते सांगून द्या. एक स्टार यासाठीच कापलाय.

बाकी माहिती पटापट. सिनियर विंग तीन वर्षांची, दुसऱ्या वर्षाला बी आणि तिसऱ्याला सी सर्टिफिकेट. परेडला 75 टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही, आणि इथे हजेरी खरीखुरी लावतात. येवल्याला घरचं लग्न होतं, मी मॅडमना म्हटलं एक दिवस अ‍ॅडजस्ट करा, त्या म्हणाल्या लग्नाला खुशाल जा पण अ‍ॅबसेंट लागेल. लागली. दहा दिवसांचा कॅम्प असतो, जेवण साधं पण पोटभर, मोबाइलवर बंधन, आईने दोन दिवस डोळ्याला पदर लावला, पोरीला काही फरक पडला नाही. भरती झाली म्हणजे सैन्यात जावंच लागतं असं काही नाही, 1948 च्या कायद्यापासून तशी सक्ती नाहीच, हे आमच्या नातेवाईकांना चार वेळा समजावून झालं. जायचं असेल तर सी सर्टिफिकेटवाल्यांना लष्करात ऑफिसरसाठी एनसीसी स्पेशल एन्ट्री आहे, लेखी परीक्षा नाही, थेट एसएसबी (सैन्यातले अधिकारी निवडणारं बोर्ड) इंटरव्ह्यू, पण डिग्रीचे मार्क पण लागतात, तेव्हा अभ्यास सोडून नुसती परेड करू नका.

निवडीला धावायला लावतात, तेव्हा आधीपासून कॉलेजच्या ग्राउंडवर चार चकरा मारायची सवय ठेवा. बूट अर्धा नंबर मोठा घ्या, जाड मोजे असतात. आणि पालकांनी गाडी गेटसमोर लावू नका, वॉचमन कोणाचं ऐकत नाही.