भरतीवाल्या पोट्ट्यांनो, करंटच्या मशीनवाल्यापासून सांभाळून राहा

माझा लहान भाऊ पोलीस भरतीची तयारी करून राहिला. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं खेडं, ग्राऊंड वगैरे काही नाही, पोट्टे पहाटे अंधारातच डांबरी रोडवर पळतात. मैदानी ५० मार्काची, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे, म्हणून सगळा जीव पळण्यातच.

दिवाळीनंतर एक माणूस बॅग घेऊन तिथंच रोडवर आला, मी फिजिओ आहे म्हणे. एका पोराच्या पोटरीला पट्ट्या चिकटवल्या, बटन दाबलं आणि पोटरी आपोआप फडफडायला लागली, पोरं पाहतच राहिली. म्हणे पळल्यावर पायात अ‍ॅसिड साचते ते याच्यानं निघून जाते, रात्री लावा, सकाळी पाय ताजे. ९,५०० रुपये. कापसाचे पैसे नुकतेच आले होते, मी दिले. बिल मागितलं तर "व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो दादा". ते आजवर आलं नाही, नंबर बंद आहे.

दाखवली एक मशीन अन् डब्यात निघाली दुसरी. तिनं पोटरी उडत नव्हती, नुसत्या मुंग्या यायच्या. पण भाऊ खूश, "दादा, आता दुखूनच नाही राह्यलं." आठ दिवसांपासून त्याच्या नडगीचं हाड आतल्या बाजूनं दुखत होतं, ते त्यानं मला सांगितलंच नव्हतं. रोज पट्ट्या लावायचा अन् पळायचा. तीन आठवड्यांनी पाय टेकवेना तेव्हा यवतमाळला नेलं, तर हाडाला बारीक चीर, स्ट्रेस फ्रॅक्चर. दोन महिने पळणं बंद आणि भरती तोंडावर.

तिथल्या फिजिओथेरपीच्या मॅडमनं मशीन पाहिली. म्हणाल्या हे टेन्स आहे, म्हणजे कातडीवरून हलका करंट देणारी मशीन, याच्यानं दुखणं काही वेळ कमी जाणवते, हाड-स्नायू दुरुस्त होत नाही, म्हणजे पाय ओरडून सांगत होता आणि आम्ही त्याचंच तोंड दाबून ठेवलं. अ‍ॅसिडचंही खोटं, ते पळणं थांबल्यावर तासाभरात आपोआप कमी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग दुखते ते स्नायूंना बारीक इजा झाल्यानं, अन् ते चार-पाच दिवसांत आपणच बसते. स्नायू आखडवणारी, म्हणजे रोडवर दाखवली तसली मशीन वेगळी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मांडी बारीक पडू नये म्हणून वापरतात, तीही तपासून. आणि छातीत पेसमेकर असलेल्यानं तर विचारल्याशिवाय कोणतीच लावू नये, हे त्या माणसानं एकालाही सांगितलं नाही, आमच्या गावात म्हाताऱ्यांनीही गुडघ्यासाठी घेतल्या.

ऑनलाईन तसलंच डबडं दीड हजाराच्या आत दिसते. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार केली, ठाण्यातही अर्ज दिला, पण हातात बिल नाही, फक्त फोन-पेचा स्क्रीनशॉट. काल दारव्ह्याकडच्या एका पोट्ट्यानं सांगितलं, त्यांच्याकडं तसाच एक बॅगवाला येऊन गेला, रविवारी परत येतो म्हणाला. तिकडचं कोणी ओळखीचं असेल तर आजच फोन करा भाऊ.