तोराचे स्रोत वेगळे करून दाखवणारी आवृत्ती
रिचर्ड इलियट फ्रीडमन यांचे 'द बायबल विथ सोर्सेस रिव्हील्ड' (२००३) हे पुस्तक तोराचे, म्हणजे हिब्रू बायबलच्या पहिल्या पाच ग्रंथांचे, त्यांनी स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर देते आणि हे ग्रंथ ज्या जुन्या लेखनांतून गुंफले गेले असे मानले जाते, त्यांतला प्रत्येक स्रोत वेगळ्या रंगात वा टाइपात छापते. नोहाच्या जलप्रलयाची कथा अवश्य या मांडणीत वाचावी: एका धाग्यात तारवाची ३०० हात लांबी आणि तारखा काटेकोरपणे नोंदलेल्या आहेत, तर दुसऱ्यात देव स्वतः तारवाचे दार बंद करतो आणि होमबलीचा सुवास घेतो. दोन्ही धागे जवळजवळ सलग वाचता येतात, हे विलक्षण आहे. भाषांतरानेही शैलींमधला हा फरक पुसलेला नाही. मात्र एलोहीम-परंपरेच्या (देवाला 'एलोहीम' म्हणणाऱ्या) स्वतंत्र स्रोताबद्दल अभ्यासकांत तीव्र मतभेद असताना रंगांमुळे ही विभागणी निर्विवाद वाटू लागते. नवख्या वाचकाने तळटीपा वगळू नयेत.