ट्रकचं मीटर बिघडलं: उघडून दुरुस्त करावं की दुसरं बसवावं?

गाडी उभी आहे, इंजिन बंद आहे, आणि स्पीडचा काटा ८० वर टेकलेला आहे. किंवा टाकी नुकतीच भरली तरी डिझेलचा काटा शून्यावरून हलत नाही. अशा वेळी ट्रकवाल्याला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, मीटरचा सर्किट बोर्ड उघडून सोल्डरचे टाके परत मार, चालू होईल. दुसरा म्हणतो, त्याच मॉडेलचं जुनं मीटर आण. चार स्क्रू नि एक कपलर (वायरींचा जोड), अर्ध्या तासाचं काम. दोघंही अनुभवाचंच बोलत असतात, पण त्यांच्या गाड्या वेगळ्या असतात.

माझं मत आधीच सांगतो. कॉम्प्युटरवर चालणारा ट्रक असेल आणि बोर्ड जळालेला किंवा पाण्यानं कुजलेला नसेल, तर आहे तेच मीटर दुरुस्त करून परत बसवावं. साध्या वायरिंगचा जुना ट्रक असेल तर बदलायला फारशी हरकत नाही. याचं कारण असं, की नव्या गाड्यांचं मीटर आकडे दाखवतं तसंच ते लक्षातही ठेवतं: चाललेले किलोमीटर, इंजिनाचे तास, काही गाड्यांत किल्लीची ओळखसुद्धा. दुसऱ्या ट्रकचं मीटर आणलं की त्या ट्रकची आठवणही सोबत येते.

आधी खात्री करा, दोष मीटरचाच आहे का?

हा भाग लोक सर्रास वगळतात, आणि मग दुरुस्ती काय नि बदली काय, दोन्ही वाया जातात.

एकच काटा चुकत असेल तर संशय आधी त्या काट्याच्या सेन्सरवर घ्यावा. डिझेलचा काटा असेल तर टाकीतल्या फ्लोटवर, म्हणजे डिझेलची पातळी मोजणाऱ्या तरंगत्या सेन्सरवर. जुन्या गाड्यांत फ्लोटची तार काढून क्षणभर अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) लावा. काटा एका टोकाला पळाला तर मीटर आणि तार ठीक आहेत, दोष टाकीत आहे. तो कुठल्या टोकाला पळेल हे गाडीवर अवलंबून असतं. जुन्या जीएमच्या (जनरल मोटर्स, शेव्हरोले नि जीएमसी बनवणारी कंपनी) फ्लोटचा रेझिस्टन्स रिकाम्या टाकीला ० आणि भरलेल्या टाकीला ९० ओहम असतो, जुन्या फोर्डचा रिकाम्याला ७३ आणि भरलेल्याला १० ओहम. म्हणजे तीच तार अर्थला लावली की जीएमचा काटा रिकाम्याकडे जाणार आणि फोर्डचा भरल्याकडे.

सगळे काटे एकदम वेडेवाकडे वागत असतील तर सेन्सर सोडून द्या. एकाच दिवशी चार सेन्सर मरत नाहीत. फ्यूज, अर्थिंग आणि कपलरच्या पिना बघा. जुन्या फोर्डच्या मीटरमागे काट्यांसाठी साधारण ५ व्होल्टचा पुरवठा ठेवणारा छोटा रेग्युलेटर असतो. तो बिघडला की तापमान, डिझेल, ऑईल हे सगळे काटे मिळून जास्त दाखवतात. अख्खं मीटर टाकून देण्याआधी एवढा एक तुकडा बदलून बघायला हवा.

कॉम्प्युटरवाल्या गाडीत काम आणखी सोपं आहे. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावा. स्कॅनरवर पाण्याचं तापमान ९० अंश येतंय आणि काटा थंडीवर पडलाय, तर दोष मीटरचा. स्कॅनरवरही आकडा चुकीचा असेल तर सेन्सर किंवा तार तपासा. फोर्ड आणि क्रायस्लरच्या बऱ्याच गाड्यांत ट्रिपचं बटण दाबून धरून किल्ली ऑन केली की मीटर स्वतःची चाचणी घेतं. काटे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरतात. तिथे एखादा काटा अडखळला तर त्याची मोटर गेली असं समजा.

मोठ्या ट्रकांत मीटरला बहुतेक माहिती जे१९३९ या दोन तारांच्या जोडीवरून मिळते. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो, म्हणून बॅटरी सोडवून दोन तारांमध्ये मोजलं तर ६० ओहमच्या आसपास यायला हवं. १२० आले तर कुठेतरी तार तुटली आहे किंवा एक रेझिस्टर गेला आहे. अशा वेळी मीटर उघडण्यात अर्थ नाही.

मीटरच्या पोटात काय बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतात त्या काटा फिरवणाऱ्या छोट्या स्टेपर मोटरी. २००३ ते २००६ या काळातल्या शेव्हरोले सिल्व्हराडो आणि जीएमसी सिएरा ट्रकांत त्या इतक्या मोठ्या प्रमाणावर गेल्या, की मीटर दुरुस्तीचा धडा याच गाड्यांवर गिरवला जातो. त्या जागी सर्रास एक्स२७.१६८ ही मोटर बसवतात. चार पिना, ३१५ अंशांपर्यंत फिरणारा दांडा, आणि प्रत्येक कॉइलचा रेझिस्टन्स २८० ओहमच्या आसपास. मल्टिमीटर लावून कॉइल तुटली आहे का ते लगेच कळतं. दातेरी चाकं झिजली असतील तर मात्र मल्टिमीटर गप्प बसतो, आणि काटा कसा चालतो ते बघूनच ठरवावं लागतं.

दुसरं दुखणं म्हणजे तडकलेले टाके. ट्रक हादरतो, डॅशबोर्ड तापतो नि गार होतो, आणि कपलरच्या पिनांभोवती सोल्डरला केसासारखी गोल भेग पडते. याची ओळख सोपी आहे: डॅशबोर्डवर थाप मारली की मीटर चालू, खड्डा आला की बंद. अशी थापेनं जागी होणारी मीटरं जवळजवळ नेहमी दुरुस्त होतात. भिंगाखाली बोर्ड तिरपा धरला की भेग दिसते.

जुन्या ट्रकांत बोर्डाऐवजी पातळ प्लॅस्टिकवर तांब्याच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या पिनांपाशी उचलल्या किंवा फाटल्या तर डागडुजी फार दिवस टिकत नाही, तिथे मी बदलीच्या बाजूनं आहे.

स्वतःचं मीटर दुरुस्त करताना

सोल्डरिंगचं काम त्यातल्या त्यात सोपं. खरी परीक्षा काट्यांची. काटा ओढून काढताना दांडा वाकला किंवा मोटरच्या आतले दाते तुटले तर चांगली मोटरही जाते. म्हणून काटा काढण्याआधी तो कुठे विसावतो याचा फोटो घ्यावा, डायलवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण करावी, आणि दोन चमचे दोन बाजूंनी घालून सरळ वर उचलावा. डायलच्या पुढच्या भागाला उघडा हात लावू नये; बोटांचे ठसे रात्री दिव्यात उठून दिसतात.

जुनी मोटर काढताना घाई केली तर बोर्डावरचा तांब्याचा गोल निघून येतो. आधी थोडं ताजं सोल्डर घालून जुना टाका मऊ करावा, मग तो सोल्डर शोषणाऱ्या तांब्याच्या वातीनं किंवा पंपानं ओढून घ्यावा. एक मोटर गेली असेल तरी बाकीच्याही त्याच वेळी बदलाव्यात. सगळ्या एकाच वयाच्या असतात, आणि डॅशबोर्ड पुन्हा उघडण्याचा त्रास मोटरीच्या मानानं फार मोठा आहे.

काटा परत बसवताना अंदाज चालत नाही. मीटर जोडून किल्ली ऑन करावी, स्कॅनरवर तापमानाचा खरा आकडा बघावा आणि काटा त्या आकड्यावर हलकेच दाबावा. स्पीडचा काटा उभ्या गाडीत शून्यावर बसवून मग जीपीएसशी ताडून बघावा. स्पीडच्या काट्यात चूक राहिली तर चालकाला ती रोज भोगावी लागते, म्हणून इथे दोन फेऱ्या जास्त माराव्या लागल्या तरी माराव्यात.

मीटर उघडलंच आहे तर बल्ब काढून एलईडी घालावेसे वाटतात. घाला, पण एक बल्ब सोडून. पुष्कळ जुन्या ट्रकांत बॅटरीच्या चिन्हामागचा बल्ब अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट पुरवतो. तिथे एलईडी लावला तर अल्टरनेटर चार्जिंगच सुरू न करण्याची शक्यता असते.

हे सगळं जमणार नसेल तर मीटर काढून दुरुस्ती करणाऱ्याकडे द्यावं. बोर्ड तुमचाच राहतो, किलोमीटर तेच राहतात. अडचण एकच, तेवढे दिवस ट्रक मीटरशिवाय उभा. इमोबिलायझर (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा) मीटरमध्ये असेल तर गाडी सुरूही होणार नाही, त्यामुळे ती आधी योग्य जागी लावून घ्या.

दुसरं मीटर बसवताना

वरून सारखी दिसणारी दोन मीटरं आतून वेगळी असू शकतात. गिअरबॉक्स ऑटोमॅटिक की हाती, इंजिन पेट्रोलचं की डिझेलचं, टाकी एक की दोन, आकडे मैलांत की किलोमीटरमध्ये, पुरवठा १२ व्होल्टचा की २४ चा, हे सगळं जुळायला हवं. पार्ट नंबर जुळवणं हा एकच भरवशाचा मार्ग आहे. डिझेलचा काटा तर हमखास फसवतो. नंतरच्या जीएममध्ये ४० ते २५० ओहम, नंतरच्या फोर्डमध्ये १६ ते १५८, व्हीडीओ या मीटर बनवणाऱ्या कंपनीच्या पद्धतीत १० ते १८०. मीटर एका मापाचं आणि फ्लोट दुसऱ्या मापाचा असेल तर काटा हलतो, पण खोटं सांगतो. बंद काट्यापेक्षा हे जास्त धोक्याचं.

भंगारातल्या मीटरबद्दल माझा मोठा आक्षेप असा, की त्याच वर्षाचं मीटर त्याच दुखण्याच्या वाटेवर असतं. २००४ च्या सिल्व्हराडोचं मीटर गेलं म्हणून २००४ चंच दुसरं आणलं, तर त्यातही मूळ मोटरी असतील आणि त्याही जाणारच. मोटरी बदललेलं, तपासून दिलेलं मीटर मिळत असेल तर गोष्ट वेगळी.

आणि मग किलोमीटर. बहुतेक गाड्यांत हा आकडा मीटरच्या बोर्डावरच्या छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. काही गाड्यांत तो दुसऱ्या कॉम्प्युटरमध्येही असतो आणि दोन्हींतला मोठा आकडा धरला जातो, म्हणजे जास्त चाललेल्या ट्रकचं मीटर जोडलं तर तुमचा आकडा कायमचा वाढतो. फसवण्यासाठी किलोमीटर बदलणं अनेक देशांत गुन्हा आहे. अमेरिकेच्या कायद्यात प्रामाणिक बदलीसाठी वाट दिली आहे: नव्या मीटरवर मूळ आकडा आणता येत असेल तर तो आणायचा, येत नसेल तर शून्यावर ठेवून चालकाच्या बाजूच्या दाराच्या चौकटीवर जुना आकडा आणि बदलीची तारीख लिहिलेली चिठ्ठी लावायची. कायदा काहीही असो, ही नोंद कागदावर ठेवायलाच हवी. पुढचं ऑईल कधी बदलायचं, हे त्याच आकड्यावर ठरतं.

काही फोर्ड आणि फोक्सवॅगन गाड्यांत इमोबिलायझर मीटरमध्येच असतो. अशा गाडीत परकं मीटर बसवलं की किल्ली अनोळखी ठरते, आणि प्रोग्रॅमिंग होईपर्यंत इंजिन पेटत नाही. नवं कोरं मीटर घेतलं तरी हे काम चुकत नाही.

एअर ब्रेकचा ट्रक असेल तर

जुन्या जड ट्रकांत हवेच्या प्रेशरचे काटे वायरीवर चालत नाहीत. टाकीतून आलेली बारीक नळी थेट मीटरच्या पाठीला जोडलेली असते. चाकांना ओंडके लावून टाक्यांतली हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या नळीला पाना लावू नये. काम झाल्यावर प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून गळती बघावी, आणि ब्रेक दाबून हवा उतरवत ६० पीएसआयच्या सुमारास धोक्याचा दिवा नि बझर चालू होतो का ते तपासावं. मीटर दुरुस्त केलं असो वा बदललं असो, ही चाचणी झाल्याशिवाय ट्रक रस्त्यावर काढू नये. जिथे टॅकोग्राफ (वेग आणि चालवण्याचे तास नोंदवणारं यंत्र) सक्तीचा आहे तिथे त्याच्या सीलला हात लावू नये. ते काम मान्यताप्राप्त वर्कशॉपचं.

मग कुणी काय करावं

थापेनं चालू होणारं मीटर, किंवा एकदोन काटे मेलेलं: दुरुस्ती. हात स्थिर असेल तर घरी, नाहीतर बाहेर. जळालेला, पाणी शिरलेला किंवा आधी कुणीतरी टाके मारून तांबं उखडलेला बोर्ड: दुसरं मीटर, पण जुनी मेमरी चिप वाचता येते का हे आधी विचारून. फाटक्या पट्ट्यांचा जुना ट्रक: पार्ट नंबर जुळवून बदली. रोज रस्त्यावर लागणारा ट्रक, एक दिवसही उभा ठेवता येत नाही: मोटरी बदललेलं मीटर आधी मागवा, प्रोग्रॅमिंगची वेळ ठरवा, आणि तुमचं जुनं मीटर टाकून देऊ नका. किलोमीटरचा मूळ पुरावा तेच आहे.

काहीही ठरलं तरी मीटर काढण्याआधी किल्ली ऑन करून किलोमीटर आणि इंजिनाच्या तासांचा फोटो घ्या. मग बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवा, आणि एअरबॅग असेल तर डॅशबोर्डचा पहिला स्क्रू काढण्याआधी काही मिनिटं थांबा.