ईटूएफएसचेक: बूटला अडकलेल्या लिनक्ससाठी साडेचार स्टार

लाइट गेली की आमच्या उबंटूवाल्या जुन्या पीसीवर काळी स्क्रीन येते आणि इनिटरॅमएफएसचा (बूटच्या सुरुवातीच्या छोट्या सिस्टिमचा) प्रॉम्प्ट सांगतो एफएसचेक, म्हणजे डिस्क तपासणारी कमांड, हाताने चालवा, अशा वेळी ईएक्सटी4 या लिनक्सच्या फाइल सिस्टिमसाठीचं (डिस्कवर फाइली ठेवायच्या पद्धतीसाठीचं) तपासणी-दुरुस्तीचं टूल ईटूएफएसचेक खरंच लय भारी काम करतं. आधी जर्नल रिप्ले (अर्धवट राहिलेल्या बदलांची नोंद पुन्हा लागू करणं), मग पाच पासमध्ये आयनोड (प्रत्येक फाइलची माहितीची नोंद), डिरेक्टरी, लिंकचे आकडे सगळं जुळवतं आणि अनाथ फाइली लॉस्ट प्लस फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. हायफन वाय दिलं की प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत बसायला नको, पण डेटा महत्त्वाचा असेल तर आधी डिस्कची इमेज (पूर्ण नक्कल) काढा बाबांनो, आणि माउंट असलेल्या (वापरात जोडलेल्या) पार्टिशनवर चुकूनही चालवू नका.

खटकलं एकच, ठरावीक बूटनंतर तपासणी आपोआप होते असं बऱ्याच जणांना वाटतं, पण 2011 च्या 1.42 व्हर्जनपासून नव्या फाइल सिस्टिमवर ते डीफॉल्ट बंद असतं, फाइल सिस्टिमची सेटिंग दाखवणारी ट्यूनटूएफएस हायफन एल कमांड मारून बघा, मॅक्झिमम माउंट काउंटसमोर उणे 1 दिसेल. एफएसटॅबमधला (कोणतं पार्टिशन कसं जोडायचं ते लिहिलेल्या फाइलमधला) सहावा आकडाही बघा, रूटला (मुख्य पार्टिशनला) 1, बाकीच्यांना 2, शून्य असेल तर तपासणीच नाही. रिपेअर करूनही दर बूटला एरर येत असतील तर टूलला दोष देऊ नका, डिस्कची तब्येत दाखवणारं स्मार्टसीटीएल लावून डिस्क तपासा.