१९३० मदतवाहिनी आणि सायबर तक्रारींचे सरकारी संकेतस्थळ : पैशांसाठी भरवशाचे, शब्दांसाठी जपून वापरावे असे

गेल्या दहा महिन्यांत केंद्रीय गृहमंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी संकेतस्थळावर दोन तक्रारी दाखल करताना मी शेजारी बसून होतो. पहिली माझ्या मावशीची, पैशांच्या फसवणुकीची, आणि दुसरी आमच्या शेजारच्या घरातील एका तरुणीची, तिच्या नावाने फिरवलेल्या बनावट छायाचित्राची. दोन्ही वेळा सेवा उपयोगी पडली. मात्र याच काळात त्या तरुणीने लिहिलेल्या एका मजकुराविरुद्ध दुसऱ्याच कोणी तक्रार केली आणि तिला पोलीस ठाण्यातून बोलावणे आले. सायबर गुन्ह्यांविरुद्धचा कायदा बोलणाऱ्याचे रक्षण कधी करतो आणि त्याचे तोंड कधी बंद करतो, हे मला या एकाच घरात जवळून पाहता आले. म्हणून हे परीक्षण केवळ सोयी-गैरसोयींपुरते ठेवता येत नाही.

हे संकेतस्थळ सप्टेंबर २०१८ मध्ये बालकांवरील लैंगिक अत्याचारांची चित्रे आणि बलात्काराच्या चित्रफिती यांच्या तक्रारींपुरते सुरू झाले. ऑगस्ट २०१९ मध्ये ते सर्व प्रकारच्या सायबर गुन्ह्यांसाठी खुले करण्यात आले. आर्थिक फसवणुकीची मदतवाहिनी २०२१ मध्ये १५५२६० या क्रमांकावर सुरू झाली आणि पुढे तिला १९३० हा लक्षात राहणारा क्रमांक मिळाला.

मावशीला संध्याकाळी संदेश आला होता की वीजबिल भरले नसल्याने आज रात्री साडेनऊ वाजता जोडणी तोडली जाईल. संदेशातल्या क्रमांकावर तिने फोन केला, पलीकडच्या माणसाने सांगितलेले अ‍ॅप उतरवून घेतले आणि पंधरा मिनिटांत तीन व्यवहारांत ९८ हजार रुपये गेले. आम्ही जेवणाच्या टेबलावर बसून १९३० ला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी मावशीला एकदाही ‘तुम्ही अ‍ॅप का घेतलेत?’ असे विचारले नाही. त्यांनी बँकेचे नाव, रक्कम, वेळ आणि बँकेच्या संदेशात येणारा व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक विचारला. मावशी चष्मा कपाळावर ढकलून एकेक अंक वाचत होती आणि तिचा आवाज कापत होता. तिसऱ्या व्यवहाराचा क्रमांक सांगून होईपर्यंत पोचपावती क्रमांकाचा संदेश तिच्या मोबाइलवर आला होता.

यामागची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. तक्रार नोंदली जाताच ती पैसे ज्या बँकेत गेले त्या बँकेकडे पोहोचते. तेथे पैसे शिल्लक असतील तर ते अडवले जातात आणि पुढच्या खात्यात गेले असतील तर तक्रार त्या बँकेकडे सरकते. चोर पैसे खात्यांमागून खात्यांत फिरवतो आणि ही यंत्रणा त्याच्या मागोमाग धावते. त्यामुळे पहिल्या तासाला एवढे महत्त्व आहे. मावशीचे ६१ हजार रुपये दुसऱ्या खात्यात अडवले गेले आणि न्यायालयाच्या आदेशानंतर काही महिन्यांनी परत मिळाले. उरलेली रक्कम गेली ती गेलीच. सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये देशात सायबर फसवणुकीने गेलेली रक्कम २२,८४५ कोटी रुपयांच्या वर होती, तर या व्यवस्थेने सुरुवातीपासून २०२४ अखेरपर्यंत वाचवलेली रक्कम सुमारे ३,४३१ कोटी रुपये होती. चोराचा वेग अजून फार मोठा आहे, तरीही वाचलेल्या प्रत्येक रकमेमागे मावशीसारखे एखादे माणूस आहे, हे मी विसरू शकत नाही. या भागाला मी पाचपैकी चार गुण देईन. फसवणूक झाल्यावर नातेवाइकांना विचारत बसू नका, आधी १९३० लावा.

दुसरी तक्रार अधिक अवघड होती. शेजारची ही मुलगी गावच्या प्रश्नांवर समाजमाध्यमांवर नियमाने लिहिते. काम अपुरे असताना पाणीयोजनेचे पैसे कसे दिले गेले, याबद्दल तिने कागदपत्रांसह लिहिले. त्यानंतर चार दिवसांत तिच्या चेहऱ्याला दुसऱ्या देहाचे चित्र जोडून ते गावातल्या गटांमध्ये फिरवण्यात आले. तिच्या वडिलांनी तिचा मोबाइल काढून घेतला, आणि तो रागाने नव्हे तर भीतीने. तिचे लिहिणे त्या दिवशी थांबले. कुठल्याही सरकारी आदेशाविना, कुठल्याही खटल्याविना एका नागरिकाचे अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपुष्टात आले होते. सायबर कायदे म्हणजे केवळ सरकारच्या हातातली काठी, असे मानणाऱ्या माझ्या मित्रांनी ही गोष्ट विचारात घ्यावी असे मला मनापासून वाटते. कायदा मागे उभा नसेल तर आधी बायका गप्प होतात, आणि त्यांच्या गप्प होण्याची कुठे नोंदही राहत नाही.

संकेतस्थळावर महिला आणि बालकांशी संबंधित गुन्ह्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. ठरावीक प्रकारांत नाव न देताही तक्रार करता येते. आम्ही नाव देऊन केली, कारण पुढे पाठपुरावा करायचा होता. घटनेचे वर्णन किमान दोनशे अक्षरांचे हवे आणि त्यात काही विशेष चिन्हे चालत नाहीत. समाजमाध्यमांवर माणसाची ओळख ज्या ‘@’ चिन्हाने सुरू होते, तेही त्यांतच येते. त्यामुळे खात्यांचे दुवे, तारखा आणि स्क्रीनशॉट आधीच एका फोल्डरमध्ये नीट नावे देऊन ठेवावेत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७ व ६७अ अश्लील व लैंगिक मजकूर पसरवण्याविरुद्ध आहेत, भारतीय न्याय संहितेचे (गुन्हे आणि शिक्षा सांगणाऱ्या कायद्याचे) कलम ७८ पाठलागाविरुद्ध आहे, आणि २०२१ च्या नियमांनुसार अशा बनावट किंवा नग्न चित्राबद्दल बाधित व्यक्तीने समाजमाध्यमाकडे तक्रार केली तर ते चोवीस तासांत हटवण्यासाठी कंपनीला पावले उचलावी लागत; फेब्रुवारी २०२६ पासून ही मुदत दोन तासांची आहे. आम्ही दोन्हीकडे तक्रार केली. दुसऱ्या दिवशी दुपारी मूळ चित्र गेले. पंधरा दिवसांनी तिने पुन्हा लिहिले, आणि पाण्यावरच लिहिले.

येथपर्यंत मी या सेवेचा समर्थक आहे. अडचण त्याच अर्जात, थोडी खाली आहे. समाजमाध्यमांशी संबंधित गुन्ह्यांची यादी उघडली की बनावट खाते, खाते हॅक होणे, तोतयागिरी, पाठलाग अशी नावे दिसतात. ही सर्व कृत्ये आहेत. त्यांत कोणीतरी काहीतरी केलेले असते आणि ते दाखवता येते. त्याच यादीत ‘बेकायदा कृत्यांसाठी चिथावणीखोर भाषण’ असाही एक प्रकार आहे. कोणते बोलणे चिथावणीखोर हे अर्ज भरणारा ठरवतो, आणि बहुतेक वेळा अर्ज भरणारा तोच असतो ज्याच्यावर टीका झालेली आहे. आमच्या पाणीयोजनेच्या प्रकरणात नेमके तेच झाले. तक्रार करणाऱ्याने ती कोणत्या मार्गाने केली हे आम्हाला कधीच सांगितले गेले नाही, पण एका सकाळी ठाण्यातून फोन आला की ‘मॅडम, तुमच्या पोस्टमुळे गावात वातावरण बिघडतंय, येऊन जबाब द्या आणि ती पोस्ट काढून टाका’.

या फोनमागे मोठा इतिहास आहे. २००८ च्या दुरुस्तीने माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६अ आले आणि ऑक्टोबर २००९ पासून ते लागू झाले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’ मजकूर, किंवा खोटे असल्याचे माहीत असूनही ‘त्रास’ वा ‘गैरसोय’ होण्यासाठी पाठवलेला मजकूर यांसाठी तीन वर्षांपर्यंत कैद. आक्षेपार्ह कशाला म्हणावे, याची व्याख्या नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये, बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद का, असा प्रश्न फेसबुकवर विचारणाऱ्या एका तरुणीला आणि तो मजकूर केवळ पसंत करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला पालघरमध्ये अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आणि ही आपल्या दारातली घटना होती. श्रेया सिंघल यांच्या याचिकेवर २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. त्या निकालातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे चर्चा, समर्थन आणि चिथावणी या तीन गोष्टींतला भेद. एखाद्या मताची चर्चा करणे किंवा त्याची बाजू घेणे, मग ते मत कितीही अप्रिय असो, हा नागरिकाचा हक्क आहे. बोलणे चिथावणीच्या पातळीला पोहोचते तेव्हाच कायद्याला हात घालता येतो. संकेतस्थळावरच्या त्या यादीशेजारी एवढा भेद चार सोप्या ओळींत छापला असता तरी अनेक तक्रारी तक्रारदारानेच मागे घेतल्या असत्या.

कलम रद्द झाले, पण सवय राहिली. रद्द कलमाखाली गुन्हे नोंदवले जात राहिले आणि अखेर ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की ६६अ खाली कोणावरही खटला चालवता येणार नाही. त्यानंतरही दुसरी कलमे वापरून तेच घडते. मे २०२५ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरासाठी पुण्यातील एका विद्यार्थिनीला अटक झाली, तिची परीक्षा बुडाली, आणि मुंबई उच्च न्यायालयाने कडक शब्दांत सरकारला सुनावून तिची सुटका केली. सुटका झाली हे खरे, पण तोवरचे दिवस तिने तुरुंगात काढले होते.

संकेतस्थळाच्या ज्या भागाची मला अधिक काळजी वाटते तो ‘सायबर स्वयंसेवक’ या नावाखाली आहे. त्यात बेकायदा मजकूर शोधून सरकारला कळवणाऱ्या नागरिकांची नोंदणी होते. बालकांच्या लैंगिक शोषणाचा मजकूर कळवण्यासाठी हे उत्तमच आहे. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्था, जातीय सलोखा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हेही विषय आहेत. यांतले सार्वजनिक सुव्यवस्था आणि परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध हे शब्द भाषणस्वातंत्र्यावर बंधने घालू देणाऱ्या घटनेच्या कलम १९(२) मध्ये आहेत आणि त्यांचा अर्थ लावताना न्यायालयांनी दशके घालवली आहेत. तो अर्थ गल्लीतल्या शेजाऱ्याने शेजाऱ्याबद्दल ठरवावा, हे मला अजिबात मान्य नाही. हा भाग बालकांविषयीच्या गुन्ह्यांपुरताच ठेवावा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेले ‘सहयोग’ हे वेगळे संकेतस्थळ नागरिकांसाठी नाही, मात्र त्याचा परिणाम नागरिकांवरच होतो. त्यावरून सरकारी यंत्रणा कंपन्यांना मजकूर हटवण्याच्या सूचना पाठवतात. एक्स (पूर्वीचे ट्विटर) कंपनीने त्याला आव्हान दिले आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने २४ सप्टेंबर २०२५ रोजी ती याचिका फेटाळली. उलट सरकारबद्दलचा मजकूर खोटा आहे की नाही हे सरकारच्याच पथकाने ठरवावे, हा २०२३ चा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला. दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्याने प्रकरण तिसऱ्या न्यायमूर्तींकडे गेले होते आणि त्यांच्या मताने निकाल ठरला. ‘सहयोग’बद्दल माझे मत स्पष्ट आहे. फसवणुकीची जाहिरात काढायची असेल तर तासाभरात काढा, पण मत काढायचे असेल तर लिहिणाऱ्याला कारण कळवा आणि त्याला बाजू मांडू द्या. नोव्हेंबर २०२५ पासून अशा सूचना सहसचिव (ते पद नसेल तेथे संचालक) किंवा पोलीस उपमहानिरीक्षक यांच्या वा त्यावरच्या दर्जाचे अधिकारीच देऊ शकतात. ही सुधारणा चांगली आहे, परंतु लिहिणारा अजूनही त्या प्रक्रियेबाहेरच उभा आहे.

ज्यांना पोलीस ठाण्यातून असा फोन येईल त्यांच्यासाठी दोन गोष्टी येथे मुद्दाम लिहितो, कारण फोन आला त्या सकाळी मला त्या घाईघाईने शोधाव्या लागल्या. पहिली, काँग्रेस नेते आणि कवी इम्रान प्रतापगढी यांनी प्रसारित केलेल्या कवितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी सांगितले की तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या भाषणविषयक गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या) कलम १७३(३) खालील प्राथमिक चौकशी करणे योग्य ठरेल, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या नजरेने जोखावा, हळव्या किंवा भेदरट माणसाच्या नव्हे. दुसरी, तोंडी बोलावण्यावर जाऊ नये, लेखी नोटीस मागावी. आरोपीला ती याच संहितेच्या कलम ३५(३) खाली येते. साक्षीदार म्हणून बोलावायचे असेल तर महिलेला राहत्या जागेव्यतिरिक्त अन्यत्र हजर राहण्याची सक्ती कलम १७९ नुसार करता येत नाही.

शेजारच्या मुलीने फोनवर एवढेच सांगितले, ‘साहेब, मला लेखी पाठवा, मी वकिलांना घेऊन येते’. पलीकडून थोडा वेळ काही बोलणे आले नाही आणि मग ‘बघतो’ असे म्हणून फोन ठेवला गेला. या गोष्टीला चार महिने झाले. नोटीस आलेली नाही. तिने पोस्ट काढलेली नाही, आणि तिच्याखाली गावातल्या अकरा बायकांनी आपापल्या नावाने लिहिले आहे की त्यांच्या नळाला अजून पाणी नाही.